टीटी-०२ टुरिंग कार: बांधणी आणि ट्रॅकवरच्या नोंदी, सांगली

१५ डिसेंबर २०२४, रविवार

किट आलं एकदाचं. तामियाचं टीटी-०२, रिमोटवर पळणारी गाडी, एकास दहा स्केल, फोर व्हील ड्राइव्ह. मोटर मागं उजव्या बाजूला, बॅटरी डावीकडं आणि मधनं पुढच्या-मागच्या डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी) जोडणारा शाफ्ट. खोक्यात चासीचे पार्ट, मोटर, ईएससी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं सर्किट), टायर आणि पारदर्शक बॉडी एवढंच असतं. रिमोट, सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर आणि रंग वेगळे घ्यायला लागतात, त्यामुळं कुणी घ्यायचा विचार करत असेल तर नुसती किटची किंमत बघून बजेट काढू नका.

हेच का घेतलं ते लिहून ठेवतो कारण हा प्रश्न कंपनीत सगळ्यांनी विचारला. रेसवाल्या महागड्या गाड्या बहुतेक बेल्टच्या असतात, बेल्ट उघडा असतो, कार्पेटवर किंवा धुतल्यासारख्या स्वच्छ ट्रॅकवर ते चालतं. आपल्याकडं कुठंही गेलं तरी बारीक खडी आणि धूळ, एक खडा बेल्टमधे गेला की दात गेले. टीटी-०२ चे गिअर बंद पेटीत आहेत. दुसरं म्हणजे ही चासी २०१३ पासनं बाजारात आहे, त्याआधीची टीटी-०१ २००३ ची, म्हणजे पार्ट मिळणार, आणि जगभर इतक्या लोकांनी ही बांधलीय की अडलं तर उत्तर सापडतंच.

२१ डिसेंबर, शनिवार

रात्री जेवण झाल्यावर बसलो. भाचा तासगावहून आलाय, आठवीत आहे, त्याला प्लॅस्टिकच्या फ्रेममधनं पार्ट कापून द्यायचं काम दिलं. साइड कटरनं पार्टपासनं जरा लांब कापायचं आणि उरलेला बोंडका ब्लेडनं साफ करायचा, थेट चिकटून कापलं की पार्टवर पांढरा डाग उठतो आणि सस्पेंशनच्या आर्मवर तो उंचवटा राहिला तर आर्म अडकतो.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल एक महत्त्वाचं. हे स्क्रू जपानी जेआयएस प्रकारचे आहेत, आपला नेहमीचा फिलिप्स दिसायला सारखाच वाटतो पण तो बरोबर तळाला बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि डोकं खातो. मी जेआयएसचा घेतलाय आणि फरक हाताला लगेच कळतो. मॅन्युअलमधे प्रत्येक स्क्रूचं चित्र खऱ्या मापात छापलंय, त्यामुळं कागदावर ठेवून जुळवायचं, वर्नियरसुद्धा लागत नाही.

प्लॅस्टिकमधे जाणारे स्क्रू स्वतःच आटे पाडतात. एकदा काढून परत लावताना आधी उलटा फिरवायचा, टक् करून जुन्या आट्यात पडला की मग सुलटा. हे भाच्याला तीनदा सांगितलं, आता तो मला सांगतो, "मामा, आधी उलटा फिरवा की."

२२ डिसेंबर, रविवार

आज डिफरन्शियल. या गाडीत दोन आहेत, एक पुढं एक मागं, मधे नाही. प्रत्येकात दोन मोठे बेव्हल गिअर, तीन छोटे. भाच्याला एक बांधून हातात दिला, एक बाजू धरायला लावली आणि दुसरी फिरवायला लावली. मग मधली पेटी धरली आणि एक बाजू फिरवली तर दुसरी उलटी फिरली. तो बराच वेळ तेच करत बसला. वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर आणि बाहेरच्याला जास्त हे पुस्तकात वाचून पाठ होतं, इथं बोटाला कळतं.

किटमधलं ग्रीस लावून दोन्ही बंद केले. पुढचा घट्ट करायचा का हे नंतर बघू, आधी जशी मॅन्युअलमधे तशीच बांधायची. प्लॅस्टिकच्या बुशांऐवजी मात्र पहिल्यापासनंच बॉल बेअरिंग टाकली (११५०, म्हणजे बाहेरनं ११ आतनं ५ मिलिमीटर). पुन्हा सगळी पेटी उघडायचा त्रास नको आणि आपल्या धुळीत बुश लवकर झिजतात.

२९ डिसेंबर, रविवार

सर्वो बसवला. आधी रिमोट चालू, ट्रिम (मध्य सरकवायचं बटण) शून्यावर, मग ईएससी चालू, सर्वो मधे येऊन थांबला की मगच त्यावर हॉर्न, म्हणजे स्टिअरिंगचा रॉड ओढणारा छोटा हात, चढवायचा. माझ्या सर्वोच्या दांड्याला २५ दात आहेत, म्हणजे एक दात सरकला की १४.४ अंश फरक. अगदी बरोबर मधे कधीच बसत नाही, उरलेला थोडा फरक स्टिअरिंगच्या रॉडची लांबी कमीजास्त करून काढला. रिमोटच्या ट्रिमनं काढला असता तरी गाडी सरळ गेली असती पण मग एका बाजूला चाक जास्त वळतं आणि दुसऱ्या बाजूला कमी, आणि डावं-उजवं वळण वेगळं वागतं.

ईएससीवर बॅटरीचा प्रकार निवडायचा जंपर आहे, मी टू-एस लिपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) वापरणार म्हणून तो लिपोवर. हे विसरून चालत नाही. निकेलची बॅटरी जास्त उतरली तर ती त्यामानानं सहन करते, लिपो सेल फार खाली गेला की कायमचा खराब होतो. चार्जिंग बॅलन्स मोडवरच (सगळे सेल सारखे भरतात), वन-सी करंटनं (बॅटरीच्या क्षमतेएवढ्या, ५००० एमएएचला ५ अँपिअर), फायरप्रूफ पिशवीत, आणि घरी कुणीतरी जागं असतानाच. वापर नसला की सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची.

५ जानेवारी २०२५, रविवार

बॉडीचा रंग. ही बॉडी पॉलीकार्बोनेटची, रंग आतनं मारायचा, त्यामुळं क्रम उलटा: जे वरचं दिसायला पाहिजे ते आधी. खिडक्यांवर मास्किंग, मग काळा (पीएस-५, पीएस म्हणजे तामियाचे पॉलीकार्बोनेटसाठीचे रंग), मग पिवळा (पीएस-६) आणि शेवटी पिवळ्याच्या मागं पांढरा (पीएस-१), नाहीतर पिवळा उन्हात आरपार दिसतो आणि फिका वाटतो. गडद रंग आधी मारला नाही तर तो फिकट रंगामागनं डोकावतो. साधा हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे इथं चालत नाही, बॉडी वाकली की त्याचे पापुद्रे निघतात, पीएस लिहिलेलाच पाहिजे.

आधी भांड्याच्या साबणानं आतनं धुवून घेतली. गच्चीवर, सकाळी दहानंतर दव गेल्यावर, पातळ पातळ हात. पिवळा का ते सांगायची गरज नाही, मार्केट यार्डात हळदीचे सौदे जिथं चालतात त्या गावची गाडी आहे. मागं नंबरप्लेटवर एमएच १० आणि भाच्यानं निवडलेला नंबर.

शेवटी बाहेरची संरक्षक फिल्म ओढून काढली तेव्हा चकाकी आली, आई पण बघायला आली वर.

१२ जानेवारी, रविवार

पहिल्यांदा पळवली. जागा: माधवनगर रोडला एक मंगल कार्यालय आहे त्याचं पार्किंग. पौष चालू आहे, लग्नं नाहीत, आवार मोकळं. वॉचमन काकांना विचारलं तर म्हणाले, "पळवा की, कुणाला धडकू नका म्हंजे झालं, आणि चारच्या आत आवरा." काँक्रीट आहे, बऱ्यापैकी सपाट, पण वर बारीक धुळीचा थर. आम्ही दोघांनी खराटा मारला, मग गोण्यांच्या तुकड्यांनी कोपरे केले.

साधी ५४० मापाची ब्रश मोटर, २२ दातांचा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर), ७० चा स्पर (तो फिरवतो तो मोठा गिअर). आत आणखी २.६ चं रिडक्शन आहे म्हणजे एकूण ८.२७ ला एक. टायर साधारण ६४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्याला गाडी साधारण २४ मिलिमीटर पुढं जाते. ऐकायला कमी वाटतं पण जमिनीलगत दीड किलोच्या आसपासची ती गाडी सुटली की डोळे पुरत नाहीत.

गाडी आपल्याकडं येताना डावं-उजवं उलटं होतं, नवीन माणसाला हे सगळ्यात अवघड जातं. त्यावर उपाय एकच, आठाचा आकडा काढत राहायचं, दोन गोण्या ठेवून, सावकाश, थ्रॉटल अर्ध्याच्या वर न्यायचाच नाही. भाच्याचा हात आवरायच्या वेळेपर्यंत बसला. लहान पोरांचं डोकं हे फार पटकन धरतं.

निरीक्षण: वळणात शिरताना ठीक, पण बाहेर पडताना थ्रॉटल दिला की पुढनं सरळ ढकलत जाते. "मामा, ही वळंना की," असं भाचा म्हणाला ते बरोबर आहे. काय बदलायचं ते आज ठरवत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रात्री फक्त साफसफाई, ब्रशनं धूळ झाडली, टायर ओल्या फडक्यानं पुसले. रबर काळं आणि जरा चिकट लागलं पाहिजे, राखाडी दिसलं की समजायचं वर धूळ बसलीय आणि पकड गेली.

१८ जानेवारी, शनिवार

आमच्या शॉपमधे सरफेस प्लेट आहे, ग्रॅनाइटची, अगदी सपाट. सुट्टी झाल्यावर मालकांना विचारून गाडी त्यावर ठेवली. घरी करायचं असेल तर जाड काच चालते, फक्त खाली सपाट टेबल पाहिजे.

आधी ट्विस्ट बघितला. चासीच्या पुढच्या टोकाला बरोबर मध्यावर ब्लेडचं टोक घालून हळू उचलायचं, दोन्ही चाकं एकाच वेळी सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर चासी पिळलेली आहे किंवा दोन्हीकडच्या स्प्रिंगचा दाब सारखा नाही. माझ्यात डावं आधी सुटत होतं. चासीचे स्क्रू सगळे सैल केले, गाडी प्लेटवर दाबून धरली आणि आलटून पालटून, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे, परत आवळले. बराचसा फरक गेला.

मग वजन. दोन डिजिटल वजनकाटे, एकावर डावी चाकं एकावर उजवी. बॅटरी डावीकडं, मोटर आणि ईएससी उजवीकडं, कंपनीनं हिशोब चांगला केलाय पण लिपो निकेलच्या बॅटरीपेक्षा हलकी असते त्यामुळं डावी बाजू कमी भरली. व्हील बॅलन्सिंगवाल्याकडं अलॉयला लावायची चिकट वजनं मिळतात, ५-५ ग्रॅमचे तुकडे, ती बॅटरीच्या बाजूला खाली लावली. खालीच लावायची, वर लावली की गाडी वळणात जास्त झुकते.

भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातनं पायऱ्यांचं राइड हाइट (जमिनीपासनं चासीची उंची) मोजायचं गेज पण मिलिंगवर काढून घेतलं, ५ ते १० मिलिमीटर. विकत मिळतं, पण ते मिलिंगवर काढायला मजा आली आणि माप आपलं खात्रीचं. पुढं-मागं ७ वर ठेवली. स्वच्छ ट्रॅकवाले ५ वर ठेवतात, आपल्या काँक्रीटच्या जॉइंटवर ५ ला पोट घासतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून थेट कार्यालयावर. आजची नोंद मोठी आहे कारण आज ढकलण्याचं कारण सापडलं.

सगळे सांगतात टीटी-०२ ला अंडरस्टिअर (वळवल्यापेक्षा कमी वळणं, पुढनं सरळ ढकलणं) असतो, हा पार्ट टाका तो पार्ट टाका. पार्ट टाकायच्या आधी मला बघायचं होतं. चारही चाकांवर खडूनं एकेक पांढरी रेघ मारली, मोबाइल सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवून वळणाच्या आतल्या बाजूला जमिनीवर, भाचा गाडी चालवतोय आणि मी मोबाइल धरून पालथा पडलोय.

व्हिडिओ परत परत बघितला. वळणाच्या मध्यापर्यंत चारही रेघा नीट फिरतात. थ्रॉटल दिला रे दिला की पुढच्या आतल्या चाकाची रेघ गायब, नुसतं पांढरं वर्तुळ दिसतं. म्हणजे ते चाक जागच्या जागी भणाणतंय. का, तर वळणात वजन बाहेर आणि थ्रॉटलला वजन मागं जातं, त्यामुळं पुढचं आतलं चाक सगळ्यात हलकं होतं, आणि उघडा डिफरन्शियल टॉर्क दोन्हीकडं सारखाच वाटतो. हलकं चाक जेवढा टॉर्क जमिनीला देऊ शकतं तेवढाच बाहेरच्या, वजन असलेल्या चाकाला मिळतो. मग पुढची बाजू गाडीला ओढतच नाही, मागची दोन ढकलतात, आणि गाडी सरळ जाते.

हेच आपल्या खऱ्या गाड्यांचं पण आहे, चिखलात एक चाक फिरत राहतं आणि गाडी हलत नाही.

भाच्याला व्हिडिओ दाखवला, काही न सांगता. तो म्हणाला, "म्हंजे त्या चाकाला अडवायला पाहिजे ना?" बास. मला एवढंच पाहिजे होतं.

२८ जानेवारी, मंगळवार

पुढचा डिफरन्शियल उघडला. आधीचं ग्रीस पुसून अँटी-वेअर ग्रीस भरलं, हे इतकं घट्ट आणि चिकट असतं की बोटाला लागलं तर धाग्यासारखं ओढलं जातं. आता एक बाजू धरून दुसरी फिरवली तर जोर लागतो. मागचा तसाच मोकळा ठेवलाय. दोन्ही घट्ट केले असते तर काय कशानं झालं ते कळलं नसतं. बाकी काहीही हलवलं नाही, टायर तेच, स्प्रिंग त्याच, उंची तीच.

२९ जानेवारी, बुधवार

पौष अमावस्या. उद्यापासनं माघ, कार्यालय बुक आहे, मांडववाले आले पण. शिफ्ट सुटल्यावर अंधार पडायच्या आत थोडा वेळ मिळाला. बाहेर पडताना पुढची दोन्ही चाकं ओढतात आता, थ्रॉटलवर नाक आत राहतं. शिरताना मात्र आधीपेक्षा किंचित आळशी झालीय, ते अपेक्षित होतं, घट्ट डिफ दोन्ही चाकांना एकाच वेगानं फिरवायला बघतो. म्हणून वळणाच्या आधी थ्रॉटल जरा लवकर सोडायचा, वजन पुढं येऊ द्यायचं आणि मग वळवायचं. ब्रेक मारून वळवण्यापेक्षा हे चांगलं.

वॉचमन काकांना तिळगुळाचा डबा राहिला होता तो दिला.

९ फेब्रुवारी, रविवार

नवी जागा, आमच्या कंपनीच्या आवारात ट्रक वळवायचं काँक्रीट आहे ते. मालक म्हणाले, रविवारी गेट आतनं लावून घ्या आणि काय करायचं ते करा. कुपवाड एमआयडीसीत रविवारी दुपारी शांत असतं.

ट्रॅकच्या कडेला गोण्या चांगल्या नाहीत, गाडी अडकते आणि बॉडी फाटते. दाजींच्या द्राक्षबागेतनं ठिबकचे जुने १६ मिलिमीटरचे पाईप आणले, दोन टोकांना पाण्यानं भरलेल्या बाटल्या. फार छान काम झालं. चाक लागलं तर पाईप जरा सरकतो, गाडी वर चढत नाही आणि वळणं पाहिजे तशी गोल काढता येतात. एक लांब सरळ, शेवटी हेअरपिन (जवळजवळ उलटं फिरवणारं वळण), मग दोन उलटसुलट वळणं आणि परत. पहिल्यांदा खराखुरा ट्रॅक वाटला.

१६ फेब्रुवारी, रविवार

किटमधले डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) नुसते घर्षणाचे होते, आत तेल नाही. काँक्रीटच्या जॉइंटवर गाडी टुणटुण उडायची आणि उडालेल्या चाकाला पकड कसली. तामियाचे तेलाचे सीव्हीए डॅम्पर आणले, काल रात्री भरले. तेल भरायचं, पिस्टन पूर्ण खाली नेऊन हळूहळू वरखाली करायचं, उभे ठेवून बुडबुडे वर येऊ द्यायचे, मग रबराची टोपी लावून झाकण. घाई केली तर आत हवा राहते आणि दाबल्यावर पचपच आवाज येतो. चारही हातात धरून एकेक दाबून बघितले, सगळ्यांचा जोर सारखा लागला पाहिजे. तेल ४०० नंबरचं.

हा बदल पैसे देऊन केलेल्यातला सगळ्यात मोलाचा. जॉइंटवरनं जाताना गाडी आता एकदाच दबते आणि गप्प बसते. उन्हाळ्यात तेल पातळ होणार, एप्रिल-मे मधे जरा जड तेल लागेल.

२ मार्च, रविवार

आज गिअरिंग. भाच्याच्या डोक्यात टॉप स्पीड आहे, सारखा म्हणतो, "मामा, ब्रशलेस टाकूया." ब्रशलेस म्हणजे ब्रश नसलेली, जास्त ताकदीची मोटर. त्याला म्हटलं आधी पिनियन बदलून बघ काय होतं ते. २२ काढून २५ टाकला, मॅन्युअलमधे पिनियनप्रमाणं मोटरचे स्क्रू कुठल्या भोकात ते दिलंय. आता ७.२८ ला एक, मोटरच्या फेऱ्याला २७ मिलिमीटरच्या वर.

सरळ रस्त्यावर शेवटी शेवटी वेग वाढला, दिसतं. पण हेअरपिनमधनं उठायला वेळ लागतो आणि आमची सरळ फार लांब नाही, त्यामुळं लॅप टाइम सुधारला नाहीच. वर मोटर तापली. इन्फ्रारेड गननं चकचकीत मोटर मोजली तर आकडा खोटा येतो, चकाकणारा धातू गनला नीट वाचता येत नाही, म्हणून मोटरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजतो. ब्रश मोटर मी ८० अंशाच्या वर जाऊ देत नाही. २२ वर ती कधीच तिथं गेली नव्हती, २५ वर बॅटरी अर्धी व्हायच्या आत पोचली.

परत २२ लावला. भाच्यानं स्वतः लावला.

माझं स्पष्ट मत आहे की या मोटरवर गाडी पाईपला न लावता सलग चालवता येत नाही तोवर ब्रशलेस घ्यायची नाही. साध्या मोटरवर वळणातला वेग जपायला लागतो कारण एकदा गेला की परत मिळवायला वेळ लागतो, आणि तिथंच चालवणं शिकायला मिळतं. जास्त ताकद असली की वळणात कसंही गेलं तरी सरळवर भरून निघतं.

१६ मार्च, रविवार

ऊन वाढलंय, आता सकाळी सातला. सकाळी काँक्रीट गार असतं, पहिल्या काही फेऱ्या गाडी मागनं सुटते, टायर गरम झाले की बसते. मागच्या टायरचा आतला काठ जास्त झिजलाय, बाहेरचा जवळजवळ नवा, म्हणजे कॅम्बर (चाकाचा वरनं आत झुकलेला कोन) जास्त आहे. किटमधला वरचा आर्म एका मापाचा, त्यात फेरफार होत नाही. लांबी कमीजास्त करता येणारे वरचे रॉड मागवलेत, ते आल्यावर फक्त मागची बाजू बदलायची, पुढची नाही.

आज भाच्यानं माझ्यापेक्षा कमी वेळात लॅप काढला, आणि तो नशिबानं निघालेला नाही, मागोमाग तसेच निघत गेले. हेअरपिनला तो माझ्यापेक्षा उशिरा वळतो आणि बाहेर पडताना पूर्ण थ्रॉटल लवकर देतो. व्हिडिओ काढून घेतलाय, रात्री दोघं बसून बघणार. त्याची परीक्षा एप्रिलमधे, तोवर गाडी माझ्याकडं राहणार असं ताईनं सांगितलंय.